रस्ता होटगीचा, गाव कुणाचे?

सोलापुरात होटगी रोड कुठे आहे, हे शेंबडे पोरही सांगेल. विमानतळ होटगी रोडवर, साखर कारखाना होटगी रोडवर, नव्या वसाहती आणि मंगल कार्यालयेही होटगी रोडवर. या रस्त्याचे नाव गेली काही वर्षे वर्तमानपत्रात सारखे छापून आले. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी विमानांना आड येते की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. २०२३ च्या जूनमध्ये ती चिमणी पाडली गेली आणि २०२५ च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याचे विमान उडाले. सगळी चर्चा रस्त्याची आणि रस्त्यावरच्या वास्तूंची. पण हा रस्ता ज्या गावाला जातो, त्या होटगीला तुम्ही शेवटचे कधी गेला होता, असे एखाद्या सोलापूरकराला विचारून पाहा. तो क्षणभर थांबेल आणि म्हणेल, ‘होटगीला? तिथे काय आहे?’

हा प्रश्न मला माझ्याच घरात ऐकावा लागला. पुण्याचा नातू सुटीत आला होता. सिद्धेश्वराचे देऊळ पाहून झाले, भुईकोट किल्ला पाहून झाला. रविवारी कुठे जायचे म्हणून मी होटगीचे नाव काढले, तर तो म्हणाला, ‘आजोबा, तिथे पाहायचं काय?’ खरे सांगायचे तर मला चटकन उत्तर देता आले नाही. किल्ला नाही, लेणे नाही, नाव घ्यावे असा राजवाडा नाही. मी म्हटले, ‘तलाव आहे, स्टेशन आहे, मठ आहे.’ त्याच्या चेहऱ्यावर काही उजेड पडला नाही. तरीही आम्ही निघालो. शेंगाची चटणी, कडक भाकरी, दही असा डबा बरोबर घेतला, म्हणजे निदान खाण्यासाठी तरी जाणे वसूल व्हावे.

पाण्याच्या काठी

थंडीचे दिवस होते. शहर मागे पडले, कुमठे गेले आणि दोन्ही बाजूंना ज्वारी दिसू लागली. ही आपली रब्बीची ज्वारी. मोहोळच्या संशोधन केंद्राचे नाव जिच्याशी जोडलेले आहे, ती मालदांडी याच मातीत, जमिनीत साठलेल्या ओलीवर, पावसाची वाट न पाहता पिकते. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तोही लहरी. त्यामुळे इथे पाणी ही सहज भेटणारी वस्तू नव्हे. पाणी दिसले की सोलापूरचा माणूस अजूनही गाडीचा वेग कमी करतो.

होटगीच्या तलावाशी आम्ही असेच थांबलो. तलाव म्हटल्यावर महाबळेश्वरचा वेण्णा किंवा काश्मीरचा दल डोळ्यांसमोर आणू नये. इथे गर्द झाडी नाही, डोंगराची पडछाया नाही. वर मोकळे आभाळ, खाली मोकळे पाणी आणि कडेला चिखल. नातवाला हे काही विशेष वाटले नाही. तेवढ्यात चिखलाचा एक तुकडा हलला. पाहतो तर राखाडी रंगाच्या मोठ्या पाखरांचा थवा. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हे पट्टकादंब. तिबेट-मंगोलियाच्या उंच पठारांवर विणीचा हंगाम आटोपून हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतात. जगात सर्वांत उंचावरून उडणाऱ्या पक्ष्यांत यांची गणना होते. एवढा मोठा प्रवास करून येणारा हा पाहुणा दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका तलावाच्या काठी उतरतो आणि आपण बारा-पंधरा किलोमीटरवरून तिथे जायला कंटाळतो!

मग आम्ही नीट पाहू लागलो. पाण्यावर काळ्या पाखरांचा मेळाच्या मेळा तरंगत होता. प्रत्येकाच्या कपाळावर पांढराशुभ्र ठिपका. या पक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात. काळ्या अंगावरचा तो पांढरा टिळा पाहूनच कुणीतरी हे नाव ठेवले असावे. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या तलावात हे वारकरी दरवर्षी न चुकता यावेत, हे ऐकून नातू पहिल्यांदा हसला आणि त्याने दुर्बीण माझ्या हातातून जी घेतली, ती दुपारपर्यंत परत दिली नाही.

काठावर एक शेतकरी म्हशी पाण्यावर घेऊन आला होता. आमच्याकडे पाहून म्हणाला, ‘काय बघायला आलाव ओ काका?’ पक्षी पाहायला, असे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘पाणी हाय म्हणून पक्षी हायत. पाणी गेलं की कुणी येत न्हाई. पक्षीबी न्हाई आन् तुमीबी न्हाई.’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण मला ते लागले. कारण ते खरे होते.

तळ्यांचा जिल्हा

सोलापूरला आपण गिरण्यांचे आणि चादरींचे शहर म्हणतो. त्याआधी हा तळ्यांचा मुलूख आहे. शहराच्या मध्यावर सिद्धेश्वराचे तळे. बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून ते खोदवले, अशी परंपरा सांगते. ज्या भूमीत पाणी नाही, तिथे देवळाआधी तळे हवे, हे त्या काळच्या संताला कळत होते. पुढे इंग्रजी अमलात शहराच्या उत्तरेला एकरुखचा, म्हणजे हिप्परग्याचा, मोठा तलाव झाला. तो पुरा झाला १८७१ साली. लगेच पाच वर्षांनी, १८७६ ते ७८ या काळात, दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. मग १८९६ चा, १८९९-१९०० चा आणि आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेला १९७२ चा. दर दुष्काळाने माणसांना गावाबाहेर काढले आणि दर दुष्काळात माणसांनी हातात टिकाव-फावडे घेऊन माती उचलली. बांध, पाझर तलाव, रस्ते ही त्या हातांची कमाई.

म्हणून अशा तलावाच्या बांधावरून चालताना मला एखाद्या बुरुजावरून चालल्यासारखे वाटते. किल्ला शत्रूला थोपवण्यासाठी बांधतात, बांध दुष्काळाला थोपवण्यासाठी. किल्ल्यावर ज्यांनी राज्य केले, त्यांची नावे आपल्याला पाठ असतात. बांधावर ज्यांनी माती टाकली, त्यांचे एकही नाव कुठे कोरलेले नसते. पण किल्ल्याचे काम केव्हाच संपले, आणि बांधाचे काम अजून चालू आहे.

दोन रुळांची गाठ

होटगी एक नसून दोन आहेत, हेही बाहेरच्यांना ठाऊक नसते. एक होटगी गाव आणि दुसरे होटगी स्टेशन. रेल्वे आली आणि स्टेशनभोवती वेगळी वस्ती उभी राहिली. मुंबईहून निघालेली ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ कंपनीची रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली. तिथून ती पुढे सरकत १८७१ मध्ये रायचूरला गेली आणि मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाली. मुंबई आणि मद्रास अशी आगगाडीने जोडली गेली. होटगी याच वाटेवर, सोलापूरपासून पंधरा किलोमीटरवर.

पण होटगीला जंक्शन केले ते दुष्काळाने. १८७६-७८ च्या दुष्काळात एका भागात धान्य होते आणि दुसऱ्या भागात माणसे अन्नावाचून मरत होती, कारण धान्य वेळेवर हलवता येत नव्हते. म्हणून दुष्काळी भागातून रेल्वे न्यायची ठरले. १८८२ मध्ये ‘सदर्न मराठा रेल्वे’ कंपनी स्थापन झाली आणि १८८४ मध्ये होटगीपासून विजापूर, बागलकोटवरून गदगपर्यंत पावणेतीनशे किलोमीटरहून लांब लोहमार्ग सुरू झाला. मुंबई-मद्रास मार्ग रुंद रुळांचा, म्हणजे साडेपाच फुटांचा. हा नवा मार्ग एक मीटर रुंदीचा, मीटरगेज. मोठ्या गाडीचा डबा लहान रुळावर जाईना आणि लहान गाडीचा डबा मोठ्या रुळावर येईना. त्यामुळे इकडचा माल उतरवून तिकडे भरायचा, हा होटगीचा उद्योग झाला. कापूस, शेंगा, धान्य, सगळे हमालांच्या पाठीवरून एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गेले. सोलापूरची जुनी मिल १८७७ ची. तिची आणि तिच्यानंतर निघालेल्या गिरण्यांची भूक भागवणारा कापूस ज्या मुलखात पिकत होता, त्या मुलखाचा दरवाजा होटगीला होता. आपण गिरण्यांच्या भोंग्याच्या आठवणी काढतो. भोंग्याआधी ज्या पाठी वाकल्या, त्यांची आठवण कुणी काढत नाही.

आमच्या घरातली जुनी माणसे ‘होटगीला गाडी बदलायची’ असे सांगत. मी पोरवयात मावशीकडे विजापूरला जायचो, त्या वेळचे होटगी मला आठवते ते वाफेच्या इंजिनाचे. गाडी थांबली की फलाटावर मराठी आणि कानडी एकाच वाक्यात ऐकू यायचे. डब्यात निंबाळला जाणारे साधक असायचे. तत्त्वज्ञानाचे थोर प्राध्यापक गुरुदेव रा. द. रानडे अलाहाबादहून निवृत्त झाल्यावर निंबाळच्या आश्रमात राहिले आणि १९५७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. उलट दिशेच्या गाडीत पंढरीला निघालेले कर्नाटकातले वारकरी असायचे. त्यांच्या तोंडी ‘विठ्ठला’ हे नाव आपलेच, फक्त हेल वेगळा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विजापूर जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि होटगीच्या पुढची बरीच स्टेशने परराज्यात पडली. सोयरिकी मात्र रुळांच्या दोन्ही बाजूंना तशाच राहिल्या.

या शतकाच्या पहिल्या दशकात मीटरगेज जाऊन रुंद रूळ आले. आता डबा बदलायला नको, माल उतरवायला नको. ही सोय झाली, याबद्दल कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. स्टेशनाच्या आसपास सिमेंटचा कारखाना आहे. जवळच्या फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात १३२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. मालगाड्या अजूनही येतात. पण आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या फलाटावर पिशव्या सांभाळत रात्री काढल्या, तिथे उभे राहिल्यावर त्यांतले काहीच कळू नये, हे मनाला खटकते. नातवाला मी सारे तोंडी सांगितले. सांगणारा आजोबा बरोबर नसेल, तर हे कुणी सांगायचे?

मठाचे नाव, शहराचे गाव

होटगीचे तिसरे धन म्हणजे बृहन्मठ. वीरशैव परंपरेतला हा मठ. वीरतपस्वी चन्नवीर शिवाचार्य महास्वामींचे नाव सोलापुरात आजही घराघरात भक्तिभावाने घेतले जाते. त्यांच्या नावाने शाळा चालतात आणि शहरात त्यांचे मंदिरही आहे. उत्तर कसब्यातल्या मठालाही लोक होटगी मठच म्हणतात. कानडी घरातली मुले मराठी शाळेत शिकली, तेलुगू विणकरांची मुले त्यांच्या शेजारच्या बाकावर बसली आणि त्यातून आपले आजचे सोलापूर झाले. मठांनी या शिक्षणाला मोठा हात दिला. म्हणजे शहराने गावाकडून नाव घेतले, आशीर्वाद घेतला, शाळा घेतल्या. रस्त्याला नाव दिले की ऋण फिटले, असे आपण समजून बसलो आहोत.

वापरातला वारसा

आता मुद्द्याकडे येतो. नातवाचा प्रश्न चुकीचा नव्हता. तो आपणच त्याला शिकवला आहे. वारसा म्हटले की आपल्याला मोडकी कमान, कोरीव खांब, तोफ आणि तिकीटघर दिसते. जी वस्तू अजून कामात आहे, ती आपल्याला वारसा वाटतच नाही. ती निकामी झाली, पडली, तिच्यावर झुडपे उगवली की मग आपण हळहळतो आणि समिती नेमतो. होटगीचा तलाव, होटगीचे जंक्शन आणि होटगीचा मठ ही तिन्ही अजून कामात आहेत. म्हणूनच त्यांच्याकडे कुणाचे लक्ष नाही.

आपले कायदेही याच नजरेने लिहिलेले आहेत. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केंद्राने २०१७ मध्ये नियम केले. चांगली गोष्ट झाली. पण सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेल्या जलाशयांना त्या नियमांच्या व्याख्येतून वगळले आहे. कोरड्या सोलापूर जिल्ह्यात तलाव म्हणजे बहुतेक माणसानेच बांधलेले! तेव्हा हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब ज्या पाण्यावर उतरतो, ते पाणी कागदावर पाणथळ जागा ठरेलच, असे नाही. पक्ष्याला ही व्याख्या कोण समजावणार? आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत २०२० मध्ये महाराष्ट्राचे पहिले नाव लागले ते नांदूर मधमेश्वरचे. तेही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेले पाणी आहे. म्हणजे माणसाने अडवलेले पाणीही जगाच्या नजरेत भरू शकते. फक्त कुणीतरी ते मोजावे लागते, लिहावे लागते, त्याचा पाठपुरावा करावा लागतो.

मात्र होटगीला ‘पर्यटनस्थळ’ करा, अशी माझी मुळीच मागणी नाही. आपल्याकडे तळ्याचा विकास म्हणजे काय, हे आपण पाहिले आहे. काठाला सिमेंटची भिंत, वर फरशी, रंगीत दिवे, कारंजे आणि भेळेच्या गाड्या. ज्या चिखलाकडे पाहून आपण नाक मुरडतो, त्याच उथळ चिखलात किडे, शिंपले आणि कंद असतात आणि तेच पाखरांचे ताट असते. काठ बांधून काढला की ते ताट गेले. आपल्याला फिरायला जागा होईल, पण पाहायला काही उरणार नाही.

करायचे ते साधे आहे. तलावात गाळ साचतो आणि दरवर्षी थोडे थोडे पाणी कमी मावते. तोच गाळ शेतात टाकला तर जमीन सुधारते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना २०१७ पासून याच विचारावर आहे. गाळ उन्हाळ्यात, तळाच्या भागातून आणि बेताने काढावा, काठ मोडू नयेत. आसपासच्या शाळांनी दरवर्षी एक वही ठेवावी. तलाव कधी भरला, सांडव्यावरून पाणी कधी गेले, पट्टकादंब कोणत्या आठवड्यात आले आणि कधी परतले, एवढेच लिहावे. दहा वर्षांत ती वही कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा मोलाची होईल. स्टेशनवर मराठीत आणि कानडीत एक फलक लागावा. १८८४ मध्ये इथून काय सुरू झाले आणि इथे किती पाठी झिजल्या, ते त्यावर दहा ओळींत लिहिता येईल. आणि ज्यांनी लहान गाडीतला माल मोठ्या गाडीत चढवलेला पाहिला, अशी जी थोडी माणसे उरली असतील, त्यांच्या आठवणी आजच्या तरुणांनी आपल्या मोबाइलवर नोंदवून ठेवाव्यात. यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

राहिले आपण, रविवारी गाडी काढून जाणारे. दुपारी आम्ही डबा सोडला तेव्हा काठावर आधीच कुणीतरी जेवून गेल्याच्या खुणा होत्या. पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या आणि वाढदिवसाच्या केकचा खोका. आपल्यासारखेच कुणी कुटुंब असणार. दुसऱ्याला नावे ठेवताना मला माझी एक जुनी सहल आठवली. अशाच एका तळ्याच्या काठी आम्ही पोरेबाळे घेऊन जेवलो होतो आणि उठताना खरकटे, कागद, सगळे तिथेच टाकून गाणी म्हणत परतलो होतो. तेव्हा ते कुणालाच वावगे वाटले नव्हते. नातवाने न सांगता आमची पिशवी गाडीत ठेवली आणि परत जाऊन तो केकचा खोकाही उचलून आणला. मी काही बोललो नाही.

परतताना विमानतळाच्या बाजूने येत होतो. नातू म्हणाला, ‘आजोबा, पुढच्या वर्षी ते पक्षी परत येतील ना?’ मी म्हटले, ‘पाणी असेल तर येतील.’ उत्तर त्या शेतकऱ्याचेच होते. पण मुलाने विचारलेला प्रश्न आता ‘पाहायचे काय’ हा राहिला नव्हता, ‘राहील ना’ हा झाला होता. एका रविवारची एवढी कमाई पुरे आहे. पुढच्या थंडीत आपणही मुलाबाळांना घेऊन त्या रस्त्याने अगदी शेवटपर्यंत जाऊन पाहा. रस्त्याला नाव ज्याने दिले, ते गाव तिथे आहे.